दिवस बुडायच्या आत

दीपाच्या सासरी नवी कोरी गाडी कधी दारात उभी राहिलीच नव्हती. आधी एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली फियाट, मग कुणा बँक मॅनेजरची बदली झाली म्हणून मिळालेली व्हॅन, आणि आता ही चौदा वर्षांची पांढरी छोटी गाडी. हप्ते दुसऱ्यानं फेडायचे, पहिले ओरखडे दुसऱ्यानं पाडायचे, मग गाडी आपण घ्यायची, अशी तिच्या नवऱ्याची, जिनेशची, रीत. शाहूपुरीत त्याचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जुन्या वस्तूत अजून किती जीव आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं.

"कर्ज न्हाय, काळजी न्हाय," बॉनेटवर थाप मारत तो म्हणाला. "अजून धा वर्षं हिच्याकडं बघायला नको."

गाडी आणून दिली होती त्यांच्या उचगावातल्याच पिराजी मिस्त्रीनं. शाहूवाडीकडच्या कुणा बाईची होती म्हणे.

"चांगली होती तर विकली कशाला?" दीपानं विचारलं. विचारल्याशिवाय तिला राहवतच नसे.

"पोरगी मोठी झाली, आता गाडी नको म्हनली. एकच बोलली बघा वैनी, लेकुरवाळ्या घरात द्या."

ते ऐकून दीपाला बरंच वाटलं होतं. काटकसर आता तिच्याही हाताला लागली होती. दिवाळीत तिनं त्रिशलासाठी, आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी, हिरव्या खणाचा फ्रॉक शिवला, तेव्हा घेराला आतून तीन दुमडी घालून वर गुलाबी दोऱ्याची टीप मारली. दरवर्षी एक उसवायची. तीन वर्षं फ्रॉक सहज जाईल.

दीपा पन्हाळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. त्रिशला तिथंच शिशुवर्गात होती. शाळा सुटायची पाचला, आणि उचगावातलं घर तिथून सत्तावीस किलोमीटर. घरात सासऱ्यांचा नियम एकच, दिवस बुडायच्या आत जेवण. जैन घरात त्यात नवल काहीच नाही. पण नेमिनाथ आप्पांनी त्याला स्वतःचं एक शेपूट जोडलं होतं. घरातलं माणूस वाटेवर असताना ते ताटावर बसत नसत. सून आणि नात उंबरा ओलांडून आत आल्या की जेवायचं. तोवर सूर्य गेला, तर पाण्याचा घोटसुद्धा दुसऱ्या दिवशी. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू.

"तुम्ही जेवून घ्या हो आप्पा, आम्ही मागनं बसतो," ती कितीदा म्हणाली असेल.

"घास उतरत न्हाय गं," एवढंच उत्तर.

एसटीनं यायची तेव्हा आठवड्यातून तीन-तीन दिवस आप्पा उपाशी झोपायचे आणि दीपा छताकडं बघत पडायची. गाडी आली आणि ते थांबलं. पाच दहाला शाळेच्या फाटकातून निघायचं आणि पावणेसहाला घरी. आप्पा ओट्यावर उभेच असत. आत सैपाकाला येणाऱ्या धोंडुबाईची शेवटची भाकरी तव्यावर फुगलेली असे. मार्गशीर्षात सूर्य सहालाच बुडायला लागला, तरीही एक दिवस चुकला नाही.

पहिल्यांदा खटकलं ते पेट्रोल. संपतच नव्हतं. जिनेश खूश. मग एकदा दीपानं सहज किलोमीटरचा काटा पाहिला. सकाळी जाताना सत्तावीस. संध्याकाळी येताना चौदा. तिनं हजेरीवहीच्या मागच्या पानावर आठवडाभर आकडे लिहिले. रोज तेच.

"मीटर म्हातारं झालंय," जिनेश म्हणाला. "सकाळी ताजं असतंय, संध्याकाळी दमतंय. माझ्यागत."

तीही हसली. पण मनगटावरचं घड्याळ म्हातारं नव्हतं. पन्हाळ्यातून पावणेसहाला उचगाव म्हणजे विमानच. ती वेगानं चालवायची नाही. मागे लेकरू असताना तिचा पाय चाळीसच्या पुढं जायचा नाही. एका रात्री तिनं डोळे मिटून परतीचा रस्ता आठवून पाहिला. घाट. वाघबीळचं वळण, उजवीकडची उसाच्या रसाची गाडी. आणि मग एकदम शिवाजी पूल, पंचगंगेवरचा गार वारा. मधलं केर्ली, जोतिबाचा फाटा, वडणगे फाटा, हे सगळं तिला सकाळच्या उन्हातलंच आठवत होतं. संध्याकाळचं एकही नाही.

रोजचा रस्ता, लक्षात कशाला राहतोय, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कूस बदलली.

त्यानंतर नखं. त्रिशलाची नखं ती रविवारी दुपारी कापायची, आंघोळीनंतर, पायरीवर बसवून. बुधवारी ती परत बोटांबाहेर आलेली दिसली. दिवाळीतले बूट महिन्यात टोचायला लागले. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, तुमचं आपलं काहीतरीच. ते खरंच होतं, दीपाचं नेहमीच काहीतरी असायचं. ती रात्री उठून मुलीच्या नाकापुढं बोट धरणारी बाई होती. म्हणून तिनं यावेळी कुणालाच पुढचं सांगितलं नाही.

पुढचं म्हणजे, त्रिशला "आहे"ला "हाय" म्हणायला लागली. ते धोंडुबाईकडून उचललं असेल. बुटाच्या नाड्या स्वतः बांधायला लागली, तेही कुणी शिकवलं असेल शाळेत.

पण बोटांना लसणाचा वास यायला लागला.

त्या घरात लसूण येत नव्हता. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. दीपानं धोंडुबाईला विचारलं आणि ती फणकारली. "बारा वर्षं झाली वैनी ह्या उंबऱ्यात. हिकडं यायच्या आधी हात माती लावून धुतोय मी. माझ्या पदराला वास येतोय का बघा की!"

त्या रविवारी पायरीवर नखं कापताना दीपानं शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "त्रिशू, हाताला वास कशाचा गं?"

"लसूण सोलला की."

"कुठं?"

"तिथं. माझी बोटं बारीक हायेत, सोलायला बरी, असं ती म्हणते."

"ती कोण?"

काहीतरी खुळचट विचारल्यासारखं त्रिशलानं आईकडं पाहिलं. "तिथली."

"तिथं कधी जातेस तू?"

"घरी येताना. तू पुढं बघत असतेस."

नेलकटर दीपाच्या हातात तसंच राहिलं. समोर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. तो पार लांब जाईपर्यंत ती थांबली.

"मग तिथं काय करता?"

"अंधार असतो. चुलीपुढं जेवतो. झोपतो. मग परत गाडी येते."

"म्हणजे किती वेळ?"

त्रिशला बोटं मोजायला लागली. एक हात संपला. दुसरा संपला. मग तिला कंटाळा आला आणि ती आत पळाली.

सोमवारी दीपानं तिला घरी ठेवलं, सर्दीचं निमित्त सांगून. संध्याकाळी एकटीच गाडी घेऊन निघाली. वाघबीळ मागं पडलं आणि केर्ली आली. जोतिबाचा फाटा आला. वडणग्याच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांमागं दहा मिनिटं गेली. घरी पोचायला सहा पंचवीस झाले. काट्यावर सत्तावीस. ओट्यावर आप्पा उभे होते. तिला पाहून ते आत गेले आणि ताट झाकून ठेवलं.

आता तिला कळलं. कसं आणि का ते नाही, पण काय ते कळलं: त्रिशू मागं बसलेली असली तरच मधला रस्ता गळत होता. तिनं जिनेशला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. त्यानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दीपा, तू दमलीयस," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय. पण तुला नको तर नको. काढू. बरं गिऱ्हाईक येऊ दे."

"तोवर त्रिशू तिच्यात बसणार नाही."

"न्हाय बसणार."

त्रिशला धोंडुबाईपाशी राहू लागली. मंगळवारी दीपा सहा वीसला पोचली. बुधवारी साडेसहाला. आप्पा तिन्ही दिवस उपाशी झोपले आणि गुरुवारी पहाटे न्हाणीच्या दारात पडले. साखर उतरली होती. डॉक्टर बाहेर येऊन दीपाकडंच बघत म्हणाले, "ह्यांना उपाशी ठेवू नका. पुढच्या वेळी हातात काही राहणार नाही."

तिनं दोन दिवस रजा काढली. शनिवारी मात्र शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि त्रिशलाचा नाच. आदल्या संध्याकाळी तिनं मुलीचे केस कानापर्यंत कापून दिले. सकाळी खणाचा फ्रॉक घालून दोघी एसटीनं गेल्या. मुद्दामच.

नाच छान झाला. जिनेश दुकान बंद करून आला होता. मागच्या रांगेत उभा राहून त्यानं शिट्टी मारली. मग बक्षिसं सुरू झाली आणि दीपा टेबलावर नावं वाचायला बसली.

मान वर केली तेव्हा मंडपातली उन्हं तिरपी झाली होती. त्रिशला खुर्चीत नव्हती.

"अहो, जिनेशभाऊ आत्ताच गाडीतनं घेऊन गेले की तिला," शेजारच्या पूर्णिमा बाई म्हणाल्या. "घरनं आप्पांचा फोन आला, ताटावर बसणार नाही म्हणून. तुम्ही कामात होता, म्हटले त्रास नको."

पाच बारा झाले होते.

तिनं फोन लावला. घाटात रेंज नव्हती. परत लावला. परत. ती फाटकापर्यंत धावली. तिथं रिकामा रस्ता आणि धूळ.

पाच अठ्ठेचाळीसला फोन वाजला.

"पोचलो," जिनेश म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, जिंकल्यासारखा. "आप्पा जेवायला बसले बघ. वरण-भात मागून घेतला दुसऱ्यांदा."

"त्रिशू?"

"मागं झोपली होती. उचलून आणून टाकली खाटेवर. जड झालीय गं पोरगी, खांदा भरला माझा."

"उठवलं नाहीस? तोंड बघितलंस तिचं?"

"गाढ झोपलीय. घोंगड्यात गुंडाळलेली, तशीच आणली."

त्यांच्या गाडीत घोंगडं नव्हतं.

एसटीत तिला खिडकी मिळाली. वाघबीळ. केर्ली. जोतिबाचा फाटा. ती एकेक दिवा बघत होती, रस्त्यापासून लांब, उसाच्या पलीकडं, जिथं चूल पेटलेली असू शकेल असा प्रत्येक. खूप दिवे होते.

घरी पोचली तेव्हा साडेसात झाले होते. जिनेश दुकानाकडं गेला होता. आप्पा आरामखुर्चीत, पोट भरलेले, पाय पसरून.

"पोरीला उठवू नको," ते म्हणाले. "लांबनं आलीय. दमलीय."

खोलीत झिरोचा बल्ब होता. खाटेवर काळं घोंगडं. त्याला धुराचा वास होता.

पाय खाटेच्या टोकापर्यंत पोचले होते.

दीपानं घोंगडं बाजूला केलं. उशीवर वेणी होती. घट्ट, तेल लावून घातलेली, लाल लोकरीनं बांधलेली. ती कमरेपर्यंत आली होती.

त्रिशलानं डोळे उघडले. बराच वेळ ती बघत राहिली, लांबच्या पाहुण्याची ओळख पटवावी तशी. मग हात वर करून तिनं दीपाच्या गालाला बोट लावलं. ओठांत पुढचे दोन दात मोठे, नवे, करवतीच्या कडांचे.

"आई," ती म्हणाली. "तू अजून तश्शीच हायेस की."

आणि कुशीवर वळून ती परत झोपली.

दीपानं फ्रॉकची कड हातात घेऊन उजेडाकडं धरली. तिनं स्वतः घातलेल्या तिन्ही दुमडी उसवलेल्या होत्या. गुलाबी दोऱ्याच्या जुन्या टिपांच्या रेघा एकाखाली एक तेवढ्या उरल्या होत्या. त्यांच्या खाली कुणीतरी दुसऱ्या, निळ्या कापडाची पट्टी जोडली होती, हातटाक्यांनी, फार निगुतीनं.

आणि त्या पट्टीला आतून, पुढच्या वाढीसाठी, तीन दुमडी घालून ठेवल्या होत्या.