जस्त कोणी कालवलं?

"माझ्याविरुद्ध कोणीतरी मातीत जस्त कालवलंय!" दारातूनच एका शेतकऱ्याची सून म्हणाली.

वहिनी खाजगी तपासनीस. त्यांचे दीर, भावोजी, मदतीला, म्हणजे चहाला. त्यांचं बिस्किट ऐकता ऐकता कपात विरघळलं.

पैज सासऱ्यांनीच लावली होती. सून अर्ध्या शेतात भातामागून मूग घेई, सासरे उरलेल्या अर्ध्यात भातामागून भातच. ज्याच्या मातीत जस्त जास्त, त्याच्या पद्धतीने सगळं शेत. आणि जस्त निघालं सासऱ्यांकडे, दुपटीहून जास्त! लोह आणि मँगेनीज मात्र तिच्याकडेच जास्त होतं.

"आता माझा मूग कायमचा बंद," सून म्हणाली.

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ फणकारला, "माती पुन्हा तपासली. आकडा तोच आला."

"मी जस्त विकतो, फुकट शिंपडत नाही," खतदुकानदार म्हणाला. "त्यांच्या मातीत ते निघाल्यावर माझी पोती कोण घेणार?"

"हाच चोर!" भावोजी कुजबुजले.

सासरे बांधावर भेटले. त्यांच्या भाताच्या पानांवर तांबूस ठिपके होते. पलीकडे सुनेचा भात हिरवागार.

"मी लबाडी करीन?" ते कडाडले. "ओली माती रात्रभर बादलीत झाकून ठेवली. प्रयोगशाळेत न्यायची म्हणून चकचकीत पत्र्याची नवी बादली आणली! सूनबाईने प्लॅस्टिकचा जुना टब नेला. मलाच लाज वाटली."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि ती बादली मधोमध ठेवली.

"हा तुमचा चोर. पिकाला खोटं बोलता येत नाही. पानांवरचे ठिपके सांगतात, भात जस्ताला उपाशी आहे. म्हणजे अहवालातलं जस्त शेतातलं नव्हे, वाटेत मिसळलेलं. यंत्र चोख, दुकानदाराचा तर तोटाच. पण पत्रा गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा मुलामा देतात. ओल्या मातीने रात्रभर तो चाटला. म्हणून एकटं जस्त वाढलं."

"तरी मला दुकानदारच वाटत होता," भावोजी पुटपुटले.

सकाळी सासऱ्यांनी सुनेचाच टब मागून घेतला आणि दोन्हीकडची माती स्वतः काढली. नव्या अहवालात सुनेची माती जस्तातही पुढे होती.

"मुगाची मुळं मातीत अडकलेलं जस्त मोकळं करतात, बाबा," ती हळूच म्हणाली. "सलग पाणी तुंबलं की ते पुन्हा अडकतं."

भात निघाल्यावर सासरे बांधावर उभे राहिले. हातात तीच बादली, काठोकाठ मुगाचं बियाणं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून, छाती फुगवून सांगत होते, "पैज मी हरलो. जिंकली कोण माहीत आहे? माझी सून!"

मग त्यांनी बादली तिच्यापुढे धरली.

"पहिली मूठ तुझी."