दिव्यासमोर न बोललेलं

मजुरी दर आठवड्याला हातात येते, तरी घर गरीब कसं असू शकतं? नीराला हे कोडं पडलं ते ऐन दिवेलागणीला. मिठागराकाठच्या झोपडीत आई देवापुढे दिवा लावत होती आणि दारात मापाडी उभा होता. मापाडी म्हणजे घरोघरी गरिबी मोजणारा यंत्रमानव. दिवसा सगळी वस्ती मिठागरात असते, म्हणून तो संध्याकाळी यायचा. पुरेशी घरं गरीब ठरली, तरच खाडीतून दवाखान्याची होडी येणार होती. आणि झोळीत नीराची तान्ही बहीण तापानं फणफणली होती.

"नुसती मजुरी मोजून भागत नाही," मापाडी म्हणाला. "मी वंचितता (गरजेची गोष्ट न मिळणं) मोजतो. आरोग्य, शिक्षण, राहणीमान. तिन्हींचं वजन सारखं. एकूण वजनाचा तिसरा भाग उणा निघाला, की घर गरीब. याला बहुआयामी (अनेक बाजूंनी मोजलेलं) दारिद्र्य म्हणतात."

"मग आमचं काय?"

"पाणी खारं, चूल लाकडाची, संडास नाही, भिंती कुडाच्या. पण ही राहणीमानातली छोटी वजनं. तू शाळेत जातेस. तुमचं घर थोडक्यात हुकतंय." तो आईकडे वळला. "ताई, पुन्हा विचारतो. गेल्या पाच वर्षांत घरातलं मूल दगावलंय?"

आईनं वात सारखी केली. "नाही बाबा. सगळं बरं आहे."

"आई, सोपान?"

"नीरे, दिवा लागलाय."

दिव्यासमोर अभद्र बोलू नये, ही वस्तीची रीत. नीराला एकदम उमगलं. मापाडी रोज दिवेलागणीलाच येतो. म्हणजे घरोघरी बायकांनी हेच सांगितलं असणार.

"माझा भाऊ गेला," ती हळूच म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात. असाच ताप होता."

"मुलाचा मृत्यू हे आरोग्यातलं मोठं वजन," मापाडी म्हणाला. "आता तुमचं घर गरीब धरलं जाईल. पण एका घरासाठी होडी निघत नाही."

आई दिव्याला हात जोडून काहीतरी पुटपुटली, दिवा तसाच तेवत ठेवून उंबऱ्यात आली आणि शेजारी हाक दिली. "सुगंधे, तुझी पोर गेली ते सांग गं याला. देव रागावायचा नाही."

एकेका दारातून दबक्या आवाजात नावं येत गेली. नीराला वाटलं, आता थांबावीत. ती थांबेनात.

"पुरेशी घरं झाली," अखेर मापाडी म्हणाला. "होडी पहाटेच्या भरतीला निघेल."

नीरानं झोळीत हात घातला. बहिणीचं कपाळ अजून भाजत होतं. बाहेर खाडी पार ओसरलेली होती.