एका कानाची गाठ

दिवा राहू दे रे, मालवू नकोस. अंधार केल्यानं गोष्ट जास्त खरी होते असं नाही, आणि मलाही अजून घरी जायचंय. ही आमच्या ऑफिसातल्या ताईंच्या बाबतीत घडलेली.

ताईंचं काम काय? एकटे म्हातारे, अपंग, मनानं लहान राहिलेली मोठी माणसं, अशांच्या घरी जायचं. अंघोळ कोण घालतं, गोळ्या कोण देतं, रात्री उठून संडासला जाता येतं का, हे बघायचं आणि जिथं अडलं असेल तिथं सोय लावायची. थोडक्यात, ज्यांचं कुणी नाही त्यांचं कुणीतरी व्हायचं, तेही साडेदहा ते साडेपाच.

त्यांच्याकडे एक आई आणि तिचा बाळ होता. बाळ बेचाळीस वर्षांचा. दारात उभा राहिला की दार भरायचं, बुद्धी मात्र चार वर्षांच्या पोराची. आईच्या उजव्या हातावरून वारं गेलेलं, तरी रोज त्याला बूट घालून फिरायला न्यायची. नाडीचं एक टोक दातांत धरायची, दुसरं डाव्या हातानं ओढायची. गाठीला कान एकच, डावीकडे कललेला. ती गाठ बसली की बाळ उठायचा. दुसऱ्या कुणी बांधलेली तो सोडून टाकायचा.

आईचं मागणं एकच. "मी आहे तोवर त्याला तुमचं ते अशा मुलांचं निवासगृह दाखवून आणू या गं. एकदा माझा हात धरून आत गेला, की पुढं घाबरायचा नाही."

"पुढच्या आठवड्यात नक्की, आजी."

"आणि आधी ती नाडी बांध. निघालीय जगाला सावरायला, आणि स्वतः जिन्यात पडशील!"

ताईंच्या उजव्या बुटाची नाडी कायम सुटलेली. ऑफिसातला जुना विनोद होता तो. आणि पुढचा आठवडा म्हणाल, तर तो सरकारी आठवडा. कधी गाडी नव्हती, कधी मीटिंग होती. आलाच नाही.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, भुतांच्या सोयीचं काहीच नाही. दुपारी आई ओट्यापाशी कोसळली ती गेलीच. तिला इस्पितळात नेलं, आणि रात्री नवाच्या सुमाराला ताई बाळला निवासगृहात न्यायला आल्या. त्याला फिट यायची, एकटं ठेवण्याची सोय नव्हती.

बाळ जिन्यात पायरीवर बसला होता. बूट पायात, नाड्या लोंबत.

"चल बाळ, गाडी आलीय."

"आई बांधेल."

ताईंनी बांधल्या. त्यानं सोडल्या. शेजारचे शिंपीकाका गुडघे धरत खाली बसले. "जन्मभर गाठीच मारल्यात मी, याचं काय घेऊन बसलात!" त्यांनी बांधल्या. त्यानं सोडल्या.

साहेबांचा फोन आला. "दहापर्यंत खाली आणा. नाहीतर इंजेक्शन घेऊन माणसं पाठवतो. झोपवून उचलतील."

ताई त्याच्या शेजारी पायरीवर टेकल्या. त्यांची स्वतःची नाडी नेहमीसारखी जमिनीवर लोळत होती.

"बाळ, आई नाही रे येणार आता."

"आई बांधेल." तोच सूर. राग नाही, हट्ट नाही.

"मी तुम्हा दोघांना आधीच नेलं असतं तर..." ताई पुटपुटल्या.

जिन्यातला दिवा बटण दाबलं की थोडा वेळ जळतो आणि आपला आपण जातो, तसला. तो गेला.

"काका, बटण."

"दाबतोय. लागत नाही."

अंधार. खाली गाडीचं इंजिन चालू होतं. तेही थांबलं.

वरून कुणी उतरलं नाही. खालून कुणी चढलं नाही. पण पुढ्यातल्या पायरीवर... कुणीतरी बसलं. थकलेलं माणूस बसतं तसं. एक सुस्कारा...

नाडी सरकली.

काका बटण दाबतच होते.

बाळ हसला. हलकेच.

पुन्हा नाडी सरकली... आणि पुन्हा...

मग काहीच नाही.

दिवा लागला. काकांचं बोट बटणावरच होतं. बाळच्या दोन्ही बुटांना गाठ. कान एकच, डावीकडे कललेला.

"चल," म्हणत बाळ उठला. एका हातानं त्यानं ताईंचा हात धरला. दुसरा हात निवासगृहाच्या दारापर्यंत तसाच अधांतरी, अर्धी मूठ वळलेला. कुणाचा तरी हात धरावा तसा. आत जाताना तो जराही घाबरला नाही.

तुम्ही म्हणाल, अंधारात त्यानंच बांधल्या असतील. मीही तेच म्हणालो. कारकून माणूस, सहीशिक्क्याशिवाय भुतालाही हजर धरत नाही. बेचाळीस वर्षांत जमलं नाही ते त्या जिन्यात जमलं असेल, म्हटलं.

ताई वाद घालत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की त्या रात्री घरी आल्यावर त्या बूट काढायला वाकल्या. उजवी नाडी बांधलेली होती. कान एकच.

टोक अजून ओलं होतं.