चांगला फेज

त्या दिवशी घरातून निघालो तो फक्त थर्मल पेस्ट आणायला. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या डोक्यावर लावायची असते ती, उष्णता वर पंख्याकडं जावी म्हणून. मे महिना, सोलापूरचं ऊन, त्यात भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी बँकेत नोकरीला, बँकेला सुट्टी होती. सिद्धेश्वरी, म्हणजे माझी बायको, मावसबहिणीच्या लग्नाला अक्कलकोटला गेली होती. दारात चप्पल घालता घालता म्हणाली होती, "ओ, काकांच्या मशीनकडं लक्ष असू द्या. त्या कॉम्प्युटरात डोकं घालून बसू नका." मी म्हणालो, "लहान आहे का मी?"

काका म्हणजे निंगप्पाकाका. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. समोरच्या शेडमध्ये आमचे माग होते, टॉवेल निघायचे. त्या कापसाच्या धुळीनं काकांची छाती खाल्ली. आता ते आतल्या खोलीत पलंगावर असतात आणि शेजारी ऑक्सिजनची मशीन. सिलेंडर नाही ओ, विजेवर चालणारी. खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीनं नाकात सोडते. रात्रंदिवस तिची घरघर चालू. ती बंद पडली की काकांचे ओठ काळे पडायला लागतात. हे मला चांगलं माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की बिचाऱ्याला कळलं नसेल.

माग विकले आणि रिकाम्या शेडमध्ये मी माझा कॉम्प्युटर मांडला. मला ओव्हरक्लॉकिंगचा नाद. कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय त्यापेक्षा त्याला जास्त पळवायचं. जास्त पळवायचं तर जास्त व्होल्टेज पाजावं लागतं, आणि ते व्होल्टेज स्थिर राहावं लागतं. जरा डगमगलं की सगळं गोठतं, नाहीतर पडदा काळा. आणि हे कशासाठी? पोटासाठी नाही, कामासाठी नाही. आमच्या ओव्हरक्लॉकिंगच्या ग्रुपवर पंचाक्षरी नावाच्या एकानं स्वतःच्या कॉम्प्युटरच्या वेगाचा आकडा टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "शरणबसवला जमायचं नाही बे." शरणबसव म्हणजे मी. बस्स, तेवढ्यासाठी.

पेस्ट लावली, टेस्ट सुरू केली. पडद्यावर व्होल्टेजची हिरवी रेघ. थोडा वेळ सरळ चालायची, मग खाली झोल खायची आणि कॉम्प्युटर बंद. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्होल्टेज वाढवलं, झोल तसाच. वेग कमी केला, झोल तसाच. लोड आल्यावर व्होल्टेज पडू नये म्हणून एक सेटिंग असते, ती वर-खाली करून झाली. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, नवा होता तो लावला. काही फरक नाही. डोक्याला नुसता ताप. शेवटी मल्टिमीटर घेऊन भिंतीतला सॉकेट तपासला, तर वीजच कमी येत होती. दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर चालू असतात, त्यात नवल ते काय. खरं तर भिंतीतल्या विजेचा प्रोसेसरच्या व्होल्टेजशी थेट संबंध नसतो. मध्ये एसएमपीएस असतो, तो सांभाळून घेतो. पण इरेला पेटलेला माणूस कुठं ऐकतो?

मागांच्या काळापासून आमच्या घरात तीन फेजचं कनेक्शन आहे, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा. ज्यांच्याकडं माग होते त्यांना हे सांगायला नको. एका फेजला वीज कमी आली की बोर्ड उघडायचा, वायर काढून दुसऱ्या फेजला टाकायची. आमच्याकडं पोरंसोरंसुद्धा करायची हे. तीनपैकी एका फेजला बारा महिने दाब चांगला असतो. मशीन घरात आली त्या दिवशी तो चांगला फेज मीच माझ्या हातानं काकांच्या खोलीला दिला होता.

बोर्डासमोर उभा राहिलो. मनात म्हणालो, जरा वेळासाठी. टेस्ट झाली, फोटो काढला, की परत जागेवर. काका झोपलेले होते. मेन बंद केला, वायरी अदलाबदल केल्या, मेन चालू केला.

आतून मशीनची पिप्-पिप् सुरू झाली. वीज कमी पडली की ती असं ओरडते. मी गेलो. काका भिंतीकडं तोंड करून पडले होते. मशीनवर एक बटण असतं आवाज बंद करायचं. ते दाबलं. हो, दाबलं मी. आणि दार लोटून शेडमध्ये आलो.

रेघ सरळ झाली होती, दोरी ओढून धरावी तशी. मी एकट्यानंच टाळी वाजवली. शेडची दारं उन्हासाठी लावलेली, आत अंधार, कूलरच्या ओल्या गवताचा वास आणि पडद्याचा हिरवा उजेड. फोटो काढायला मोबाइल उचलला आणि रेघ हलली. झोल नव्हता तो. हळूच वर गेली, क्षणभर थांबली, हळूच खाली आली. पुन्हा वर... थांबली... खाली. मी पंख्याचा वेग बदलून पाहिला, सेटिंग बदलून पाहिली. ती आपली चालूच. आणि मला जाणवलं की आतली घरघर ऐकू येत नाही. मशीन बंद पडली होती.

धावत खोलीत गेलो.

काका पलंगावर उठून बसले होते. पाय खाली सोडलेले, नळी काढून मांडीवर ठेवलेली. मशीनवर लाल दिवा. आणि माणूस शांतपणे श्वास घेत होता. छाती वर... थांबली... खाली. ओठ चांगले लाल.

"तम्मा," काका म्हणाले. लहानपणापासून मला तम्माच म्हणतात. "बोर्ड उघडलावतास काय रे?"

"नाही काका."

"बरं." माझ्याकडं बघत राहिले. "मग लाइटच कमी आली असंल."

तोंडातून कसं निघालं ते 'नाही', देव जाणे. त्याच वेळी खरं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? रागावले असते, एवढंच.

मी गुपचूप वायरी जागेवर टाकल्या. मशीन सुरू झाली, नळी परत काकांच्या नाकात घातली. मेन बंद केल्यामुळं कॉम्प्युटर बंद पडला होता. म्हटलं, मरू दे तो आता. आणि माझ्या डोळ्यांदेखत काकांचे ओठ काळे पडायला लागले. मशीन घरघरतेय, नळीतून हवा येतेय, बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावरचा आकडा मात्र धडाधड उतरतोय. काकांनी माझं मनगट धरलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक... हात सोडवून शेडमध्ये पळालो, कॉम्प्युटर चालू केला, तोच वेग, तेच व्होल्टेज, टेस्ट सुरू. रेघ हलली. वर... खाली. आतून काकांचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

सिद्धेश्वरी लग्नाहून आली ती काकांना बघून खूश. "चेहरा किती उजळलाय ओ! नीट काळजी घेतलीत म्हणायची." डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, घरच्यांची पुण्याई. जेवताना काका माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची शेंगाची चटणी वाढायचे आणि तिला सांगायचे, "ह्या पोरामुळं जगलोय बग मी." किती वेळा वाटलं, सांगून टाकावं. सांगायचं तरी काय? की तुमचा श्वास चोरायला गेलो आणि आता तो माझ्याकडं अडकलाय?

कॉम्प्युटर बंद केला नाही. लाइट गेली तर चालू राहावा म्हणून बॅटरीचा यूपीएस आणून जोडला. बायकोला सांगितलं, बँकेचं काम आहे. ती चिडली, विजेच्या बिलावरून बोलली, मी ऐकून घेतलं. पण ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. जास्त व्होल्टेजवर सतत पळवला की प्रोसेसर आतून झिजतो. काल जेवढ्यावर तो धावत होता तेवढ्यावर आज धावत नाही. त्याला थोडं आणखी द्यावं लागतं. मी देत होतो. रेघ अडखळायला लागली, आतून खोकला आला, की एक पायरी वर. पुन्हा खोकला, पुन्हा पायरी. पायऱ्या संपत आल्या होत्या. त्यापुढं एकच, चिप जळणार. बँकेत असलो तरी जीव टांगणीला. आणि खरं सांगू? एकदा दुपारी कॉम्प्युटर बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसलो होतो. थकलो होतो ओ. वाटलं, म्हातारं माणूस, किती दिवस ओढायचं... दाबलं नाही. पण बोट ठेवलं होतं, हे काही पुसलं जात नाही.

त्या वेळी आतून काका खोकले नाहीत. नुसते म्हणाले, "तम्मा, काय करायलायस?"

परवा सुट्टी होती. सिद्धेश्वरी भाजीला गेलेली. दुपारी फाट्‌दिशी लाइट गेली. कूलर थांबला, पंखा थांबला. यूपीएसनं थोडा वेळ किंकाळ्या मारल्या आणि तोही मेला. रेघ गेली. पडदा काळा.

मी ओरडतच खोलीत गेलो. काळोख, बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी. मशीन गप्प. काका उशीला टेकून बसले होते आणि श्वास घेत होते. शांत. नीट. कुठंच काही बिघडलेलं नव्हतं.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. कॉम्प्युटर मेला तरी माणूस जिवंत होता! छातीवरचा धोंडाच उतरला. म्हणालो, "काका, बोर्ड मीच उघडला होता. मशीनचा आवाजही मीच बंद केला. तुम्ही झोपला होता..."

"झोपलो नव्हतो की," काका म्हणाले.

मी वर बघितलं. रागावलेले दिसत नव्हते. तोच रोजचा मायेचा चेहरा.

"मला... माफ करा."

"ते ऱ्हाऊ दे. पाणी दे जरा."

उशापासचा तांब्या भरून दिला. उठता उठता दम लागला मला. रडल्यामुळं असेल म्हटलं. मग लक्षात आलं, काकांची छाती वर गेली की माझी वर जातेय. ती थांबली की माझी थांबतेय. मी मुद्दाम मध्येच श्वास घेऊन बघितला. येईना.

"काका..."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी पिताना माणूस श्वास घेत नाही, हे कधी ध्यानात येत नाही आपल्या. पहिला घोट घशाखाली गेला आणि माझी छाती जागच्या जागी बंद पडली. तोंड उघडं, हवा आत शिरेना. मी पलंगाची कड धरली. दुसरा घोट... तिसरा... डोळ्यांपुढं काजवे. मी हातानं खूण केली, पुरे, साकु, साकु काका...

ते तांब्याच्या काठावरून माझ्याकडंच बघत होते. घशाची घाटी हलायची थांबली. पाणी संपलं होतं. तांब्या त्यांनी तोंडाला तसाच लावून धरला होता.