मंगळवारची जांभई

तिच्या दातांमध्ये अकरा लाकडी पट्ट्या होत्या, म्हणून पहिल्या भेटीत ती बाबांशी एक अक्षरही बोलली नाही. बाबांचं स्वरयंत्र काढलेलं, म्हणून तेही बोलले नाहीत. दोघांच्या वाटचं मीच बोलले, आणि नेहमीसारखं जरा जास्तच बोलले.

कर्करोगाच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर ती खोली होती. ऑपरेशन, किरणोपचार सगळं उरकलं की माणसं तिथे पुन्हा गिळायला, बोलायला, तोंड उघडायला शिकायची. आमचा वार मंगळवार, वेळ सकाळी दहाची. एकाच बाकावर जागा होती, म्हणून आम्ही तिच्या शेजारी टेकलो. किरणांनी आखडलेला जबडा सैल करायला आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. जमेल तशी एकेक वाढवायची.

बाबांनी पाटीवर लिहिलं, "किती?"

मी म्हटलं, "बाबा विचारताहेत, तुम्हाला फार त्रास नाही ना होत?"

तिने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाबांना दोन्ही हातांची दहा बोटं आणि वर एक दाखवलं. मग पट्ट्या काढून म्हणाली, "त्यांनी एवढंच विचारलं होतं गं. बाकीचं तू घातलंस."

ऑपरेशननंतर तिची जीभ अर्धी स्वतःची आणि अर्धी मनगटाची कातडी लावून केलेली होती. 'ट' आणि 'ड' घसरायचे, पण टोमणा नेमका बसायचा.

"सवय झालीय हो, काकू."

"काकू कशाला? तुझ्या काकांना मी ओळखतसुद्धा नाही. मावशी म्हण."

बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. आई गेल्यापासून नऊ वर्षांत मी ते खांदे तसे हललेले पाहिले नव्हते.

मावशी कपडे शिवायची. लग्न केलं नव्हतं. "दुसऱ्यांच्या लग्नांचे कपडे शिवता शिवता माझं राहूनच गेलं," असं म्हणायची, आणि त्यात कुरकुर नसायची. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. खोलीतल्या सूचनाफलकावरच्या चुकाही ते पेन्सिलीने दुरुस्त करून यायचे. ती बारा पट्ट्यांवर पोचली त्या दिवशी पाटीवर "१२!" लिहिलं. उद्गारचिन्हाचा त्यांना फार तिटकारा.

एकदा ती टेप घेऊन आली. "गळ्यावर पांढरं फडकं बांधून हिंडता, पेशंट दिसता. शर्टाच्याच कापडाचं शिवून देते. मान वर करा."

बाबांचा श्वास आता गळ्यातल्या छिद्रातून चालायचा. टेप धरलेल्या तिच्या बोटांवर तो पडत होता... तिने हात काढला नाही. माप दोनदा घेतलं.

"पहिल्यांदा चुकलं का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि टेप गुंडाळू लागली.

मग जांभईचं प्रकरण झालं. नाकातून हवा जात नाही म्हणून बाबांना वासही येत नव्हता. थेरपिस्टने युक्ती शिकवली: ओठ मिटून जांभई द्यायची, जबडा खाली जातो आणि थोडी हवा नाकातून आत ओढली जाते. रोज वीस वेळा. बाबा आठवडाभर साबणासमोर, कॉफीसमोर जांभया देत बसले. काही येईना.

पुढच्या मंगळवारी मी औषधं आणायला खाली गेले होते. मावशी नवे कपडे घालून, अत्तर लावून आलेली. बाबांना काहीतरी सांगत होती—बाबांनी जांभई दिली. ती थांबली, पुन्हा सुरू झाली. बाबांनी दुसरी दिली, मग तिसरी.

मी वर आले तेव्हा ती पिशवी उचलत होती. "घरी ने यांना. झोप आलीय. मला मेलीला तोंड उघडता येत नाही धड, आणि हे माझ्यासमोर जांभया देतायत!"

बाबांनी घाईघाईने पाटीवर लिहून तिच्यापुढे धरलं: "मशीनचं तेल."

तिने ते वाचलं, अत्तर लावलेलं मनगट पदराआड घेतलं, आणि गेली.

दोन मंगळवार ती आली नाही. थेरपिस्ट काळजीत पडली. व्यायाम सुटला तर जबडा पुन्हा आखडतो. मी म्हटलं, "बाबा, मी जाऊन समजावते."

"तू नको. तू वाक्यं वाढवतेस," त्यांनी लिहिलं.

त्याच दिवसांत त्यांच्या गळ्यात बोलण्याची झडप बसवली. अंगठ्याने छिद्र झाकायचं, श्वास सोडायचा, की हवा झडपेतून घशात जाते आणि आवाज उमटतो. जाडाभरडा, अनोळखी आवाज. आठ दिवस ते न्हाणीघराचं दार लावून सराव करत होते. मला बाहेर फक्त खोकला ऐकू यायचा.

मग एका दुपारी आम्ही तिच्या दुकानात गेलो. दोन मशीन, एक दिवा, कापडांचे ढीग. ती पायडल मारायची थांबली. बाबांनी अंगठा गळ्याला लावला.

"जांभई... नव्हती."

तिच्या हातातलं कापड खाली सरकलं. हा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"वास... घेत होतो. सात महिन्यांत... पहिला. तुमचा."

"मशीनच्या तेलाचा?"

"हो."

"अहो, मी अत्तर लावलं होतं!"

"ते... नाही आलं."

ती हसली, आणि जबडा दुखला म्हणून गाल धरून हसत राहिली. बाबांनी पुन्हा अंगठा लावला. "आपण... लग्न..." आणि खोकल्याची उबळ आली. अंगठा सुटला, रुमाल काढावा लागला, चेहरा लाल झाला. मी पुढे झाले. पुढचा शब्द माझ्या ओठांवर होता.

तिने मला हाताने अडवलं. "थांब. त्यांना बोलू दे."

ती थांबली. मीही थांबले. बाबांनी रुमालाने गळा पुसला, अंगठा पुन्हा लावला.

"...करू या का?" बाबा म्हणाले.

तिने उत्तर मला दिलं. "त्या झडपेचं काय काय करावं लागतं?"

"दिवसातून दोनदा बारीक ब्रशने साफ करायची. पाणी पिताना ठसका लागला तर गळतेय असं समजायचं."

"दाखव." तिने साबणाने हात धुतले, शिवणाचा दिवा ओढला आणि बाबांना स्टुलावर बसायला सांगितलं. "अहो, मान वर करा. आता माप नाही घेत, घाबरू नका."

लग्नानंतर दोघांना तीन वर्षं मिळाली. मग बाबांचा आजार परतला. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ब्रश मी हातात घेतला, तर तिने तो हळूच काढून घेतला.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली. "तू लेक आहेस ना? तू नुसती जवळ बस."

मी बाबांचा हात धरून बसले.