बिननंबरचा फॉर्म

शाळेत नव्याने लागलेली समुपदेशक पहिल्याच दिवशी डोक्यावर खुर्ची घेऊन वाचनालयात शिरली आणि थेट ग्रंथपालावर आदळली. म्हणजे ती नाही आदळली, खुर्चीचा पाय आदळला, त्याच्या कपाळावर. त्याने कपाळ चोळत विचारलं, कुठे निघालात? ती म्हणाली, मुख्याध्यापक बाईंनी खोली दिली आहे म्हणे, पण अर्धा तास झाला, सापडत नाही.

“ती माझ्या पाठीमागे आहे,” तो म्हणाला. “जुन्या नकाशांची खोली. दुसरी वाट नाही तिकडे जायला. रोज माझ्यावरूनच जावं लागेल तुम्हाला.”

“रोज खुर्ची नाही आणणार.”

“तेवढं पाळा म्हणजे झालं.”

बोलून तो लगेच पुस्तकात तोंड घालून बसला, आणि त्याचे कान लाल झाले. तिने ते पाहिलं, पण तिला वाटलं, खुर्ची लागल्यामुळे असेल.

त्या आडवाटेच्या खोलीचा फायदा मात्र नंतर कळला. काळजीने पोखरलेली, उगाच रडू येणारी, कशातच मन न लागणारी मुलं तिच्याकडे यायची, आणि ती समुपदेशकाकडे चालली आहेत हे कुणाला दिसायचंच नाही. दिसायचं ते एवढंच, की पोरगं वाचनालयात चाललंय. आत शिरताना ग्रंथपाल प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक देई आणि बाहेर पडताना परत घेई. एक अवाक्षर विचारत नसे. मुलं त्याला गप्पसर म्हणत, कारण दिवसभर त्याच्या तोंडी “गप्प!” एवढा एकच शब्द.

तिला सगळे ताई म्हणत. मुलं म्हणत, शिक्षक म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे शिपाईकाकासुद्धा म्हणत. एकटा गप्पसर म्हणत नसे. “अहो, ऐकलंत का” नाहीतर “मॅडम”, एवढ्यावर भागवायचा. पण अकराच्या सुट्टीत थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा, आणि तिचा कप नेहमी काठोकाठ भरायचा. दोन महिन्यांत तिला त्या कपाची सवय झाली होती. सवयच, दुसरं काही नाही, असं ती स्वतःला बजावायची. दिवसातून दोनदा बजावायची.

आणि मग तो फॉर्म आला.

दुखणं वाढण्याआधीच मुलांना मदत मिळावी म्हणून शाळेने सहावीपासून सुरुवात करायचं ठरवलं होतं. प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, जेवण जातं का, शाळेत येताना कसं वाटतं, आणि शेवटी दोन ओळी मोकळ्या: अजून काही सांगायचंय? नाव लिहायचं नाही, फक्त हजेरीचा नंबर. सोमवारी तिने शिक्षकांनाही वाचनालयात बसवून तो भरायला लावला, तो भरताना मुलांना काय वाटत असेल ते कळावं म्हणून. खरं लिहा आणि मग फाडून टाका, कुणी वाचणार नाही, असं सांगितलं. मंगळवारी सहावीने फॉर्म भरले. बुधवारी सकाळी ती वाचायला बसली.

पट अडतीसचा, फॉर्म अडतीस. मात्र एकावर नंबर नव्हता. झोप लागत नाही: रोज. शाळेत येताना पोटात गोळा येतो: रोज. छातीत धडधडतं: रोज. कुणाला सांगावंसं वाटतं पण सांगता येत नाही: रोज. आणि खाली पेन्सिलीने एकच ओळ... “सांगितलं तर आहे तेही जाईल.”

तिने ती ओळ पुन्हा वाचली. काय जाईल? कोण घेऊन जाईल? कुणी धमकावलंय का या लेकराला? तिने नंबर लावून पाहिले. तेवीस नव्हता. तेवीस म्हणजे खिडकीजवळ बसणारी ती मुलगी, कधी हात वर न करणारी, महिन्यातून चारदा पोट दुखतं म्हणून घरी जाणारी.

मुख्याध्यापक बाई वाईट नव्हत्या, पण धीर म्हणून नव्हता त्यांना. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता आईवडिलांना बोलावून घेऊ आणि फॉर्म पुढे ठेवू. ताईने अक्षरशः विनवण्या केल्या. सांगितलं तर काहीतरी जाईल असं मूल लिहितंय, आणि आपणच ते चारचौघांत उघडं पाडायचं? आधी तिचा विश्वास बसू दे. शेवटी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली. तोवर रोज नजर ठेवायची, आणि जरा काही वेगळं दिसलं तर थांबायचं नाही, तडक घरी कळवायचं.

पुढचे आठ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. रात्री डोळा लागेना. सकाळी फाटकापाशी उभी राहून ती तेवीस नंबर आला का ते पाही, आणि त्या मुलीची निळी पिशवी दिसली की मगच श्वास सोडी. गप्पसरला तिने एवढंच सांगितलं की एका मुलीला वाचनालयाची गरज आहे. कोणत्या फॉर्मवरून, त्यात काय लिहिलंय, ते सांगणं तिच्या कामात बसत नव्हतं. त्यानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन कपाटांच्या मधोमध, दारातून दिसणार नाही अशा जागी, एक बुटकी खुर्ची आणि चित्रांची पुस्तकं आली.

“तुम्ही दमलाय,” चहा ओतताना तो म्हणाला.

“आहे एक काळजी.”

“माझ्याजोगं काही काम?”

“आत्ता करताय ना, तेच,” ती म्हणाली, आणि तिलाच उगाच भरून आलं.

मुलगी पहिल्या दिवशी आली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा गप्पसर पुस्तकं लावता लावता, तिच्याकडे न बघता, आपलंच सांगू लागला. लहानपणी शाळेच्या फाटकापाशी त्याचंही पोट दुखायचं. सगळे म्हणायचे सोंग करतोय, पण पोट खरंच दुखायचं. मुलीने पुस्तकातून डोकं वर काढलं. खोलीच्या दारात उभी राहून ताईने ते पाहिलं. त्या दिवशी सवयीबद्दल स्वतःला बजावायचं ती विसरली.

बुधवारी मुलगी बोलली. गेल्या वर्षी ती शाळेत असताना आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरी गेली तर दाराला कुलूप. आई आता ठणठणीत होती, पण शाळेची घंटा झाली की मुलीच्या डोक्यात तेच कुलूप यायचं. मग पोट दुखायचं, हात गार पडायचे. आईला सांगितलं तर ती काळजीने पुन्हा आजारी पडेल, म्हणून तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

ताईने तिला एक वही दिली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. सकाळी डावीकडे लिहायचं, आज कशाची भीती वाटते. शाळा सुटताना उजवीकडे लिहायचं, खरंच काय झालं. मधल्या सुट्टीत वाचनालयातून घरी एक फोन, एकच. पुढच्या महिन्यात तोही दिवसाआड. आईला कसं सांगायचं ते दोघींनी मिळून ठरवलं आणि गुरुवारी सकाळी घरून निघण्याआधी मुलीने स्वतः सांगितलंही. आई रडली, पण आजारी बिजारी काही पडली नाही.

ताईचा जीव भांड्यात पडला. पण किती वेळ? जेमतेम पाच मिनिटं. कारण मुलगी निघताना ताईने हळूच म्हटलं, बरं झालं तू फॉर्ममध्ये लिहिलंस, आणि मुलगी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली.

“मी कुठे लिहिलं, ताई? हजेरी झाल्यावर माझं पोट दुखलं, शिपाईकाका मला घरी सोडून आले. मी फॉर्म पाहिलासुद्धा नाही.”

म्हणजे ते मूल वेगळंच होतं. आणि आठ दिवस त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

ती रात्र तिने कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. शुक्रवारी अकराला ती वाचनालयात आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाराला बाईंना भेटायचं होतं, आणि त्या आता अख्ख्या वर्गाला रांगेत उभं करणार यात शंका नव्हती. तिने आयुष्यात प्रथमच आपला नियम वाकवला. पुस्तकं नेताना मुलं नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहितात, ती वही गप्पसरची, अक्षरं त्याला पाठ. तिने फॉर्म टेबलावर ठेवला, वरचं सगळं पुठ्ठ्याने झाकलं, आणि एकच ओळ उघडी ठेवली.

“हे अक्षर कुणाचं, एवढंच सांगा. बाकी काही विचारू नका.”

तो वाकला. चहा ओतायचा हात अर्ध्यावर थांबला. आधी त्याचे कान लाल झाले, मग उरलेला चेहराही.

“हे... सहावीतलं नाही.”

“कशावरून? नीट बघा ना. आज बारापर्यंत ते मूल सापडलं नाही तर—”

“मूल नाहीये ते.” त्याने थर्मास खाली ठेवला. “मी लिहिलंय.”

 तो अडखळत सांगत गेला. त्या सोमवारी शिक्षकांबरोबर त्यानेही फॉर्म भरला होता, खरं लिहा म्हणाल्या म्हणून खरं लिहिलं. फाडणार, तेवढ्यात ती अचानक मागे येऊन उभी राहिली. घाबरून त्याने तो हाताशी पडलेल्या जुन्या पाकिटात सारला. संध्याकाळी पाहतो तर पाकीट गायब. रद्दीत गेलं असेल, सुटलो, असं त्याला वाटलं होतं. ते पाकीट तिनेच उचललं होतं, सहावीचे फॉर्म ठेवायला.

 त्याच बुटक्या खुर्चीवर ती मटकन बसली. आधी हायसं वाटलं, मग असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “आठ दिवस मला झोप नाही.”

“मलाही नाही,” तो हळूच म्हणाला. “लिहिलंय त्यात.”

तिला हसू फुटलं, नको असताना. तिने डोळे पुसले, पुठ्ठा बाजूला केला आणि फॉर्म सरळ पुढ्यात घेतला. पण आवाज काही तिच्या ताब्यात राहिला नव्हता.

“शाळेत येताना पोटात गोळा येतो. रोज. कशामुळे?”

“तुमची खोली माझ्या पाठीमागे आहे... त्यामुळे.”

“छातीत धडधडतं?”

“अकराच्या सुमारास.”

“तुम्ही मला ताई का म्हणत नाही?”

“जमत नाही,” तो म्हणाला. “मनापासून प्रयत्न केला. नाही जमत.”

बाहेर मैदानावर मुलांचा कल्ला चालला होता.  आता तिच्याही छातीत धडधडत होतं, आणि ते कशाचं लक्षण आहे हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“सांगितलं तर काय जाईल अशी भीती होती?”

त्याने मान खाली घातली. “हेच सगळं. तुम्ही सकाळी दार ढकलून येता ते. हे दोन कप. तुम्ही उद्यापासून खाली मान घालून माझ्यावरून निघून जाल, असं वाटायचं. म्हणून गप्प बसलो.”

तिने टेबलावरची पट्टी घेतली आणि फॉर्मवर त्या ओळीच्या शेजारी एक उभी रेघ मारली, मुलीच्या वहीतल्यासारखी. डावीकडे त्याचं वाक्य होतंच. मग त्याचीच पेन्सिल घेऊन रेघेच्या उजवीकडे तिने लिहिलं, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

“सांगितलं. काही गेलं नाही.”

त्याने ते दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. तोवर तिने अर्धवट भरलेला कप स्वतःच ओढून घेतला आणि थर्मास तिरका करून त्याचाही कप काठोकाठ भरला. बाराला बाईंकडे जायचं होतं. फॉर्म मुलाचा नव्हता पण मूल मात्र सापडलं, एवढंच ती सांगणार होती. पण बारा वाजायला अजून वेळ होता.