ऑटोवर ठेवलेला दिवा

वाचनालयातला दिवा गेला हे कळलं, त्या संध्याकाळी सगळ्या डोंबिवलीत वीज गेली होती. मे महिन्याची सुट्टी. सोसायटीच्या ऑफिसातल्या वाचनालयात मुलं पुस्तकांवर तुटून पडलेली. सोनलने चार्जिंगचा दिवा उचलून बटण दाबलं. जरासा पिवळट उजेड आला आणि विझला.

"नवीन आहे ना हा?" शेजारचा आर्यन म्हणाला.

"संदेशने उघडला असणार!" सेक्रेटरी प्रभाकरकाका अंधारातूनच गरजले. "घरचा मिक्सर कोणी खोलला होता? अंधारात कुणी धडपडलं तर जबाबदार मी! रविवारपासून वाचनालय बंद!"

"काका, मी हात पण नाही लावलेला!" सोनलचा दादा संदेश कळवळून म्हणाला.

मिक्सर दादानेच खोललेला, त्यामुळे सोनललाही जरा शंका होती. पण वाचनालय आजीने सुरू केलेलं. दिवाळीनंतर आजी गेली, तेव्हापासून आजोबा रोज संध्याकाळी इथेच येऊन बसत. घरी त्यांना करमत नसे. नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत. हे बंद झालं तर त्यांनी जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी तिचं कशातच लक्ष लागेना. कॅरम अर्धा टाकून ती सारखी ऑफिसच्या खिडकीशी जाई. दिवा चार्जिंगला लावलेला होता. लाल ठिपका पेटलेला होता. सगळं ठीकठाक!

संध्याकाळी काका कुलूप लावून गेले. सोनल पुन्हा खिडकीशी गेली आणि दचकली.

"दादा! आर्यन! आत उजेड आहे! कुणीतरी शिरलंय!"

"चोर?" आर्यनचे डोळे मोठे झाले.

"चोर काय गोष्टींची पुस्तकं नेणार?"

"अभ्यासू असेल गं!"

तिघांनी फटीला डोळे लावले. आत कुणीच नव्हतं. दिवा एकटाच लख्ख पेटला होता! बघता बघता तो मंदावला, पिवळा पडला, विझला.

"पण आत्ता तर लाइट आहे," सोनल म्हणाली. "मग हा का पेटला?"

संदेश एकदम ओरडला, "काका जाताना मेन स्विच बंद करतात! वीज वाचवायला! ह्याला वाटतं, लाइट गेली!"

त्याने खडूने फरशीवर आकृती काढली. "घरचा असाच दिवा मी उघडून बघितलाय. प्लग काढून हं! भिंतीतली वीज पुढे-मागे पळते. हे चार डायोड तिला एकाच दिशेने बॅटरीत सोडतात. लाल ठिपका बॅटरीच्या अलीकडे. तो फक्त सांगतो, वीज आली. बॅटरी भरली, असं नाही सांगत! आणि हा ट्रान्झिस्टर म्हणजे वॉचमन. बाहेरून वीज येते तोवर दिवा अडवून धरतो. वीज थांबली की सोडतो."

"म्हणजे दिवसा भरायचं आणि रात्री सगळं सांडायचं?" सोनलने विचारलं.

"रोज! ही शिशाची बॅटरी अशी पार रिकामी होत राहिली की कामातून जाते."

"चल, काकांना सांगू!" आर्यन उठला.

"नुसतं सांगून ऐकतील?" सोनल म्हणाली. "त्यांच्याच हातून दाखवू."

दुसऱ्या संध्याकाळी आजोबांसकट सगळे जमले असताना ती गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही वीज कशी वाचवता ते दाखवा ना सगळ्यांना!"

काका खूश! ऐटीत पुढे झाले आणि खट्कन मेन स्विच बंद केला. दिवा आपोआप पेटला! "रोज रात्री हा असाच जळून रिकामा होतो, काका!" सोनल म्हणाली.

"ह्याचं बटण 'ऑटो'वर कुणी ठेवलं?" संदेशने विचारलं.

"मीच की!" काका चाचरले. "ऑटो म्हणजे... आपोआप चार्ज होतो ना?"

"मला वाटलं, रिक्षा!" आर्यन म्हणाला आणि आजोबा खो खो हसले. कितीतरी दिवसांनी सोनलने ते हसू ऐकलं.

आठवड्याभरात नवी बॅटरी बसली. वाचनालय चालू राहिलं. जाताना बटण 'बंद'वर करायचं काम आजोबांनी मागून घेतलं. सोनलच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "शाब्बास! तुझ्या आजीला आवडलं असतं हे."

प्रभाकरकाकांनीही सगळ्यांसमोर मुलांचं कौतुक केलं, आइस्क्रीम दिलं. संदेशची माफी मागायची मात्र त्यांची अजून राहिली आहे.